वेबसाईट बनवायचे किती पैसे घ्यायचे? क्लायंटला आकडा सांगण्याआधी हे वाचा

"हॅलो, तू वेबसाईट बनवतोस ना? किती घेतोस?"

मित्रांनो, हा फोन तुम्हाला येऊन गेला असेल, नाहीतर लवकरच येईल. यूट्यूब बघून वर्डप्रेस शिकलात, एलिमेंटर हाताळलं, मित्राच्या दुकानाची साईट फुकटात करून दिली आणि ती स्टेटसला टाकली. मग ओळखीतून पहिला खरा क्लायंट येतो आणि पहिल्याच वाक्यात विचारतो, किती घेणार? आपण गडबडतो. जास्त सांगितलं तर काम जाईल ही भीती. आणि कमी सांगितलं तर काय होतं, ते मला नीट माहीत आहे.

माझं पहिलं पैशाचं काम एका मंगल कार्यालयाचं होतं. मालक वडिलांच्या ओळखीतले. त्यांनी फोनवर विचारलं आणि मी "आठ हजार" म्हणून मोकळा झालो. ते लगेच "चालेल" म्हणाले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. माझ्या डोक्यात पाच पानांची साधी साईट होती. त्यांच्या डोक्यात रिकाम्या तारखा दाखवणारं कॅलेंडर, जेवणाचे मेनू, हॉलचा व्हिडिओ आणि 'गुगलवर पहिल्या नंबरला येणं' होतं. डोमेन आणि होस्टिंगचे ३,४०० रुपये मीच भरले, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे ते आठ हजारातच आले होते. काम अडीच महिने चाललं. वरच्या पट्टीचा रंग सहा वेळा बदलला. शेवटी मी वहीत तास मांडून बघितले, ते १३० भरले. हातात उरले ४,६००. म्हणजे तासाला साधारण ३५ रुपये.

यात त्यांनी मला फसवलं असं अजिबात नाही. मी आकडा सांगितला होता, पण त्या आकड्यात काय येतं आणि काय येत नाही, हे सांगितलंच नव्हतं. कोटेशन म्हणजे नेमकं तेच. त्यात रक्कम ही सगळ्यात शेवटची ओळ असते.

फोनवर आकडा का सांगायचा नाही?

शिंप्याला "ब्लाउजची शिलाई किती?" असं विचारून बघा. तो आधी विचारेल, अस्तर लावायचं का, गळा कसला, कधी हवाय? रंगकाम करणारा भिंती मोजल्याशिवाय भाव देत नाही. आपण वेबसाईटवाले मात्र काहीही न बघता आकडा फेकून देतो.

बरेच जण 'पानामागे अमुक रुपये' असा भाव ठेवतात. ऐकायला सोपं वाटतं, पण 'संपर्क' नावाचं पान पाऊण तासात होतं आणि होमपेजला दोन दिवस जातात. शिवाय क्लायंट हुशार असेल तर तो सगळं एकाच लांबलचक पानात घालायला सांगतो. तेव्हा पानं मोजू नका, काम मोजा.

मग फोनवर काय म्हणायचं? एवढंच: "काका, आकडा उद्या संध्याकाळपर्यंत लिहून पाठवतो. त्याआधी दहा मिनिटं काही गोष्टी विचारून घेऊ का?" याने काम जात नाही. उलट समोरच्याला वाटतं की पोरगं व्यवस्थित आहे.

आणि मग खरंच विचारा. साईटवर आलेल्या माणसाने नेमकं काय करावं अशी इच्छा आहे: फोन, व्हॉट्सॲप, फॉर्म की तिथल्या तिथे पैसे भरणं? भाषा किती? तुम्हाला आवडलेल्या एक-दोन साईट कोणत्या? कधीपर्यंत हवी, आणि त्या तारखेमागे काही कारण आहे का? (उद्घाटन असेल तर तारीख हलत नाही, हे लक्षात ठेवा.) डिझाईनला शेवटचा होकार कोण देणार? हा प्रश्न विसरू नका. काकांना आवडलेलं डिझाईन पुण्याहून आलेला मुलगा एका नजरेत नापास करतो आणि आपण पुन्हा शून्यावर येतो.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र मजकुराचा. मजकूर आणि फोटो कोण देणार? "आमच्याकडे सगळं टाईप केलेलं तयार आहे" हे वाक्य ऐकून खूश होऊ नका. बऱ्याचदा ती डीटीपीवाल्याकडची जुनी फाईल असते, श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली. ती साईटवर पेस्ट केली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. कारण तो मजकूर युनिकोडमध्ये नसतो. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे फॉन्ट काढला की मराठीही गेलं. असा मजकूर बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण रफार, जोडाक्षरं, वेलांट्या डोळ्यांनी तपासाव्याच लागतात. दहा-बारा पानांच्या माहितीपत्रकात अर्धा दिवस सहज जातो. हा अर्धा दिवस कोटेशनमध्ये धरला नसेल, तर तो तुमच्या खिशातून जातो.

आधी तुमच्या एका तासाचा भाव काढा

हे गणित एकदाच करायचं आहे. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा महिन्याचा राहण्या-खाण्याचा खर्च २२,०००. लॅपटॉपचा हप्ता, इंटरनेट, लाईट, मोबाईल मिळून ६,०००. सॉफ्टवेअर आणि शिकण्यासाठी २,०००. आजारपण, टॅक्स आणि काम नसलेले महिने यांच्यासाठी ६,००० बाजूला. एकूण ३६,०००.

आता तास. महिन्याला २५ दिवस, रोज ८ तास म्हणजे २०० तास. पण या २०० तासांचे पैसे कुणी देत नाही. क्लायंट शोधणं, फोन, कोटेशन, पैशासाठी पाठपुरावा, नवीन काही शिकणं, यात निम्मे तरी जातात. ज्याचे पैसे मिळतात असे ९० तास धरू. ३६,००० भागिले ९० म्हणजे ४०० रुपये तास. हा तुमचा तळ. याच्या खाली गेलात तर तुम्ही स्वतःच्या पदरचे पैसे घालून काम करताय.

"पण मी आईवडिलांकडे राहतो, मला खर्चच नाही." तरीही धरा. नाहीतर वेगळं राहायची वेळ आली की जुन्या क्लायंटना तिप्पट भाव कसा सांगणार?

याची दुसरी बाजूही आहे. नवीन असाल आणि आयुष्यातला पहिला फॉर्म जोडायला तुम्हाला १२ तास लागले, तर त्या १२ तासांचं बिल क्लायंटला लावणं बरोबर नाही. सराव असलेल्याला दोन तास लागतात, तर दोनच लावा. बाकीचे दहा तास तुमच्या शिक्षणाचे.

एक पूर्ण उदाहरण करून बघू

तारकर्लीजवळ चार खोल्यांचं एक होमस्टे आहे असं धरू. त्यांना हवंय: पाच पानं, मराठी आणि इंग्रजी, फोटो, चौकशीचा फॉर्म, व्हॉट्सॲपचं बटण, रस्त्याचा नकाशा. ऑनलाईन पैसे नकोत, ते फोनवरच बुकिंग घेतात.

बोलणं आणि समजून घेणं, ४ तास. होमपेजचं डिझाईन १२. बाकीची चार पानं १०. दोन भाषांचा मजकूर बसवणं ७. फोटो निवडून लहान करणं ३. फॉर्म, बटण, नकाशा मिळून ३. वेगवेगळ्या मोबाईलवर तपासणी ४. दुरुस्त्या ५. साईट लाईव्ह करणं आणि मालकांना फोटो कसे बदलायचे ते शिकवणं २. बेरीज ५० तास.

फोटोंचे तीन तास बघून हसू नका. आजकालच्या फोनचा एक फोटो ४-५ एमबीचा असतो. तसे बारा फोटो उचलून टाकले तर पान ५० एमबीच्या घरात जातं, आणि जिथे रेंजच धड येत नाही अशा घाटातून प्रवास करणारा माणूस ते उघडेपर्यंत दुसऱ्या होमस्टेला फोन लावून मोकळा होतो. फोटो छोटे करणं हे वेबसाईटचंच काम आहे आणि त्याला वेळ लागतो.

५० तास गुणिले ४०० म्हणजे २०,०००. त्यावर २० टक्के जास्तीचे धरा, कारण आपला अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो. झाले २४,०००. हा तुमचा आकडा.

क्लायंटला मात्र तासाचा हिशेब दाखवायची गरज नाही. तो दाखवला की चर्चा "नकाशाला एवढा वेळ कशाला?" इथे अडकते. त्याला काम आणि एकूण रक्कम सांगा, तास स्वतःच्या वहीत ठेवा.

डोमेन आणि होस्टिंग या २४,००० मध्ये घालू नका. ते क्लायंटच्या ईमेलने, क्लायंटच्या नावावर, त्याच्या पैशाने घ्या. डॉट कॉम डोमेनला वर्षाला साधारण हजार-दीड हजार लागतात, होस्टिंगला काही हजार. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: पहिल्या वर्षीचा भाव ऑफरचा असतो, रिन्यूअलला तो वाढतो. हे सांगितलं नाही तर पुढच्या वर्षी "तू मला फसवलंस" हे तुम्हाला ऐकावं लागेल, कंपनीला नाही. ऑनलाईन पैसे घ्यायचे असतील तर पेमेंट गेटवे कार्डाच्या व्यवहारामागे साधारण २ टक्के आणि त्यावर जीएसटी कापतं, तेही आधीच सांगा.

२४ हजार जास्त वाटतात का?

आकडा क्लायंटच्या धंद्याशेजारी ठेवून बघा. होमस्टेवाल्यांना विचारा, बुकिंग ॲपला कमिशन किती जातं? समजा खोली २,५०० ची आहे आणि कमिशन १५ टक्के, म्हणजे एका रात्रीचे ३७५ रुपये गेले. साईटवरून थेट आलेल्या ६४ रात्रींत २४,००० वसूल. चार खोल्या असतील तर पूर्ण भरलेले १६ दिवस. मे महिना आणि ख्रिसमसचा आठवडा डोळ्यासमोर आणला की मालकांना हे गणित चटकन कळतं. फक्त "इतकी बुकिंग येतीलच" असं वचन कधीही देऊ नका. गुगलवर पहिल्या नंबरचं तर नाहीच नाही, ते आपल्या हातात नसतं.

कोटेशनमध्ये काय लिहायचं

एक पान पुरे. पीडीएफ करा, व्हॉट्सॲपवर पाठवा. मी साधारण असं लिहितो:

"होमस्टेसाठी मराठी व इंग्रजी वेबसाईट. पाच पानं: मुखपृष्ठ, खोल्या, जेवण, आसपासची ठिकाणं, संपर्क. चौकशी फॉर्म, व्हॉट्सॲप बटण, नकाशा. मजकूर आणि फोटो तुम्ही द्याल, मजकूर युनिकोडमध्ये. डिझाईनमध्ये दोन वेळा बदल करून मिळतील, त्यापुढे तासाला ५०० रुपये. यात समाविष्ट नाही: डोमेन, होस्टिंग, फोटोग्राफी, मजकूर लिहिणं, भाषांतर, ऑनलाईन पेमेंट, जाहिरात. पूर्ण मजकूर मिळाल्यापासून २५ दिवसांत काम पूर्ण. एकूण २४,००० रुपये: सुरू करताना ९,६००, डिझाईन पसंत झाल्यावर ९,६००, लाईव्ह करण्याआधी ४,८००. मजकूर ३० दिवसांत न आल्यास दुसरा हप्ता देय राहील. हा दर १५ दिवसांसाठी लागू."

'समाविष्ट नाही' ही ओळ लिहायला संकोच वाटतो. माझ्या मते पूर्ण कोटेशनमध्ये तीच सगळ्यात उपयोगी ओळ आहे. मंगल कार्यालयाच्या वेळी ती एक ओळ असती तर माझे कितीतरी रविवार वाचले असते.

'बदल' म्हणजे काय तेही बोलून घ्या. सगळ्या सूचना एकत्र लिहून पाठवल्या की तो एक बदल. रात्री अकरा वाजता एक, सकाळी दुसरी, मग भाच्याची तिसरी, असे मेसेज येत राहिले तर मोजणार कसं?

आणि मजकुराची ३० दिवसांची अट. साईट अडकते ती बहुतेक वेळा कोडमुळे नाही, तर "फोटो देतो रे या आठवड्यात" यामुळे. ॲडव्हान्स घेतलेलं अर्धवट काम सहा महिने डोक्यावर बसून राहतं. अट लिहिलेली असेल तर निदान आठवण करून देताना अवघडायला होत नाही.

"जरा कमी कर ना"

हे होणारच. आपल्याकडे भाजी घेतानाही होतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. नियम एकच ठेवा: भाव कमी करायचा नाही, काम कमी करायचं.

"चोवीस हजार? अरे, माझा भाचा पाच हजारात करतो म्हणाला."

"करेलही काका. तुमच्या मनात किती होते?"

"अठरापर्यंत बघ."

"अठरात असं करू. सध्या फक्त मराठी. खोल्या, जेवण, ठिकाणं हे सगळं एकाच पानात. बदल दोनऐवजी एकदा. इंग्रजी दिवाळीनंतर जोडू, त्याचा खर्च तेव्हा वेगळा."

वहीत बघा: भाषेचे ५ तास गेले, पानांचे ६, बदलाचे २. उरले ३७. चारशेने १४,८००, त्यावर २० टक्के धरून १७,७६०. अठरा हजार बसतात. तुमचा तासाचा भाव जिथल्या तिथे राहिला. तेच २४ चं पूर्ण काम तुम्ही १८ ला मान्य केलं असतं, तर काकांनी पुढच्या माणसाला सांगितलं असतं की तो चोवीस सांगतो, अठराला देतो. मग तुमचं प्रत्येक कोटेशन तिथूनच खाली यायला लागतं.

"आता कमी घे, पुढे खूप कामं देतो" याला माझं उत्तर ठरलेलं आहे: "नक्की, पुढच्या कामात सूट देतो." बहुतेकदा विषय तिथेच संपतो.

पैसे, टॅक्स आणि कागद

ॲडव्हान्सशिवाय सुरू करू नका, नातेवाईक असले तरी. खरं तर नातेवाईक असतील तर जास्तच. डोमेन क्लायंटच्या नावावर असल्याने ते अडकवून ठेवायचा प्रश्नच येत नाही, आणि तसं करूही नये. पण शेवटचा हप्ता आल्यावरच साईट लाईव्ह करायची, हे आधीच ठरलेलं असलं की भांडण होत नाही. १९५७ च्या कॉपीराईट कायद्याप्रमाणे, स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या कामाचे हक्क साधारणपणे त्याच्याकडेच राहतात, लेखी दिल्याशिवाय क्लायंटकडे जात नाहीत. म्हणून "पूर्ण पैसे मिळाल्यावर सर्व हक्क क्लायंटचे" असं एक वाक्य कोटेशनमध्ये घाला. दोघांनाही बरं.

सेवा देणाऱ्यांची वर्षाची उलाढाल महाराष्ट्रात २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती साधारणपणे नसते. आणि नोंदणी नसेल तर बिलात १८ टक्के जीएसटी लावायचा नाही. काही पोरं बिल 'प्रोफेशनल' दिसावं म्हणून लावतात. तो गुन्हा आहे. क्लायंट कंपनी असेल तर ती तुमच्या रकमेतून टीडीएस कापू शकते. ते पैसे बुडत नाहीत, तुमच्या पॅनवर जमा होतात. रिटर्न भरलं आणि टॅक्स लागत नसेल तर परत मिळतात.

उद्यम नोंदणी मात्र करून टाका. सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याज लागतं आणि ऑनलाईन तक्रारही करता येते. ओळखीतल्या क्लायंटवर तक्रार करायची वेळ सहसा येत नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक दिसला की कंपन्यांच्या अकाउंट विभागाची फाईल जरा लवकर हलते.

साईट दिल्यानंतरचं काय, तेही त्याच पानावर लिहा. वर्डप्रेस आणि प्लगिनचे अपडेट येत राहतात, बॅकअप घ्यावा लागतो, गणपतीत दर बदलायचे असतात. महिन्याला दीड तास धरला तर वर्षाचे ७,२०० होतात. नको असेल तर नको म्हणू दे, पण मग "साईट उघडत नाहीये" हा फोन फुकट नाही, हेही लेखी असू दे.

मंगल कार्यालयाच्या मालकांचा गेल्या वर्षी पुन्हा फोन आला होता. तारखांसोबत ऑनलाईन ॲडव्हान्स घ्यायची सोय हवी होती. "किती घेशील?" म्हणाले. मी म्हटलं, "काका, उद्या लिहून पाठवतो." एक पान पाठवलं. दोन दिवस काहीच उत्तर नाही, मी काम गेलं असंच धरलं. तिसऱ्या दिवशी त्याच पानाचा फोटो आला. त्यावर पेनाने व्हिडिओची ओळ खोडलेली होती, आणि खाली लिहिलं होतं, "एवढं वगळून किती?"